वाईन बनवायचा परवाना दिला, विकायला जागा दिली नाही

एप्रिल लागला की पुण्या-मुंबईच्या मित्रांचे फोन सुरू होतात. नाशिकला येतोय, दोन-तीन वाईनरी बघायच्यात, या उकाड्यात कुठली प्यायची ते सांग. मी निफाड तालुक्यातला पत्रकार. कांद्याचे भाव आणि द्राक्षावरची भुरी हे माझे रोजचे विषय. पण गाव द्राक्षाचं, म्हणून लोकांना वाटतं याला वाईनमधलंही कळत असणार. थोडंफार कळतं.

उत्तर सोपं आहे. थंडगार व्हाईट घ्या. शेनिन ब्लां नाहीतर सॉव्हिन्यॉ ब्लां. रोझे चालेल, स्पार्कलिंग तर पळेलच. रेडचा हट्ट डिसेंबरसाठी ठेवा.

आता हे उत्तर इतकं सोपं कशामुळे झालं आणि दुकानात गेल्यावर ती बाटली तीन-चारच नावांची का मिळते, याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो नाशिककरांनाही नीट माहीत नसतो. म्हणून आज जरा लांबण लावतो. ज्यांना फक्त नावं हवी होती त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

सुरुवात ओझरपासून. आज ओझर म्हटलं की विमानाचा कारखाना आठवतो. पण १९२५ च्या सुमारास तिथे रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी द्राक्षाची बाग लावली आणि नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षशेतीची सुरुवात तिथून धरतात. तेव्हाचा माल बियांचा, भोकरीसारखा. पुढे बिनबियांचं थॉमसन आलं आणि सगळं चित्रच पालटलं. १९६० मध्ये द्राक्ष बागायतदार संघ उभा राहिला. सांगलीकडे आर्वे बंधूंनी तास-ए-गणेश निवडलं, सोलापूरकडे नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाका. ही सगळी माणसं शेतकरी होती, स्वतःच्या बागेत वेगळी दिसलेली काडी जपणारी. महाराष्ट्राची द्राक्षं पुढे युरोपात गेली ती या डोळस शेतकऱ्यांमुळे. सरकार मागून आलं.

पण हे सगळं खायचं द्राक्ष. मोठा मणी, पातळ साल, गोड गर. वाईनचं द्राक्ष याच्या अगदी उलट असतं. मणी लहान, साल जाड, आत बी, आणि साखरेबरोबर भरपूर आंबटपणा. बाजारात मांडलं तर कुणी हात लावणार नाही. थॉमसनची वाईन होते, पण ती पिऊन कुणी दुसऱ्यांदा मागत नाही.

शिवाय वाईनचा विचार करायला आपल्याकडे वातावरणच नव्हतं. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदी कायदा केला. मोरारजीभाईंचा काळ. त्या कायद्याविरुद्ध बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी कायम ठेवला, फक्त अल्कोहोल असलेली औषधं आणि अत्तर-कलोनसारख्या वस्तू त्यातून सोडवल्या. पुढे बंदी सैल झाली, दुकानं आली, बार आले. कायदा मात्र राहिला. आजही महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. पाच रुपयांचा एक दिवसाचा विदेशी दारूचा परवाना हा त्याच कायद्याचा अवशेष. बिलाबरोबर येणारी ती चिठ्ठी आपण न वाचता फेकतो. गंमत सोडा, पण मुद्दा लक्षात ठेवा: या राज्यात वाईन जन्माला आली ती दारूबंदीच्या कायद्याच्या पोटात. पुढची सगळी भानगड तिथून सुरू होते.

पहिला मोठा धाडसी प्रयोग नाशिकमध्ये झालाच नाही. तो झाला पुणे जिल्ह्यात, नारायणगावला. शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रान्सच्या पायपर-हाईडसिक या शॅम्पेन कंपनीचं तांत्रिक सहाय्य घेतलं आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी फेसाळणारी वाईन बनवली. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ नावाने विकली गेली. बघा ना, जुन्नर तालुक्यात बनलेली स्पार्कलिंग वाईन परदेशातल्या टेबलांवर पोचली तेव्हा जुन्नरच्या बहुतेक लोकांना ती काय चीज आहे हे ठाऊक नव्हतं. तमाशाच्या राहुट्यांसाठी प्रसिद्ध असलेलं नारायणगाव भारतीय वाईनचंही माहेर आहे, हे आजही किती जणांना सांगता येईल?

नाशिकचा नंबर लागला १९९७ ला. राजीव सामंत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकून अमेरिकेतली नोकरी सोडून आले. गंगापूर धरणाजवळ घरची जमीन होती. आधी आंबा वगैरे करून पाहिलं. मग कॅलिफोर्नियाच्या केरी डॅम्सकी या वाईनमेकरला गाठलं आणि सॉव्हिन्यॉ ब्लां आणि शेनिन ब्लां लावली. आईच्या सुलभा या नावावरून कंपनीचं नाव सुला. २००० साली पहिली वाईन बाजारात आली.

लावली ती दोन्ही द्राक्षं व्हाईट वाईनची, हे लक्षात घ्या. आणि इथे तुमच्या उकाड्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे.

युरोपात द्राक्ष उन्हाळ्यात पिकतं आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरात काढतात. आपल्याकडे तेव्हा पाऊस. मणी तडकणार, डाऊनी येणार, बाग जाणार. म्हणून आपल्या शेतकऱ्याने वेलीला वर्षातून दोनदा छाटायचं तंत्र बसवलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यावर काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यावर माल येतो. दोन छाटण्या, एक पीक. माल जानेवारी ते मार्च या काळात पिकतो. म्हणजे आपलं द्राक्ष हिवाळ्यात पिकतं.

आता दर डिसेंबर-जानेवारीत तुम्ही पेपरात ‘निफाड गारठले’ ही बातमी वाचता. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती खाली गेला, ते आम्ही लोक सकाळी फोन करून विचारतो आणि छापतो. शहरातले हसतात. पण ती बातमी वाईनची आहे. दिवसा स्वच्छ ऊन, त्याने मण्यात साखर भरते. रात्री कडाक्याचा गारवा, त्याने आंबटपणा टिकतो. वाईन ‘फ्रेश’ लागते म्हणजे काय, तर तिच्यात हा आंबटपणा शिल्लक असतो. नुसती साखर असलेली वाईन मेमधल्या दुपारी दोन घोटांनंतर नकोशी होते. आंबटपणा असेल तर लिंबू सरबतासारखी जीभ साफ करते.

फेब्रुवारी सरता सरता रात्रीही तापायला लागतात आणि आंबटपणा भराभर उतरतो. त्यामुळे व्हाईटचा माल आधी तोडतात, तोही शक्यतो पहाटे, मणी थंड असताना. शेनिन मूळ फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातलं, पण उष्ण दक्षिण आफ्रिकेतही ते फोफावलं. त्याचा आंबटपणा चिवट असतो. म्हणून ते आपल्याकडे रुळलं. किंचित गोडसर, पेरू-अननसाच्या वासाचं. तिखटाबरोबर चांगलं जातं. नाशिकच्या मिसळीबरोबर घेऊन बघा, हसू नका. सॉव्हिन्यॉ जास्त करकरीत, त्याला तळलेला बोंबील लावा.

हातासरशी व्यवहाराचं सांगून टाकतो. मे महिन्यात यंदाच्या काढणीची व्हाईट नुकतीच बाटलीत गेलेली असते किंवा अजून टाकीतच असते, त्यामुळे तुमच्या हातात बहुधा गेल्या वर्षीची पडेल. ती चालते. तीन-चार वर्षं दुकानात उभी असलेली साधी व्हाईट घेऊ नका. ‘जुनी तेवढी चांगली’ हे सगळ्या वाईनला लागू नाही. बाटलीवर साल बघा. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात ठेवलेली बाटली कुठल्याही कंपनीची असो, सोडून द्या. घरी आठ-दहा अंशांपर्यंत थंड करा. साध्या फ्रीजमध्ये तीन-चार तास पुरतात. आणि पिऊन गंगापूर रोडवर गाडी चालवू नका. शनिवार-रविवारी संध्याकाळी त्या रस्त्यावर काय चालतं ते आम्ही बातम्यांत लिहून थकलो.

असो. इतिहासाकडे परत.

सुलाची वाईन चालायला लागली आणि सरकारचे डोळे उघडले. २००१ मध्ये, विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केलं. देशात असं धोरण करणारं हे पहिलं राज्य. वाईनवरचं उत्पादन शुल्क दहा वर्षांसाठी माफ. विक्रीकर चार टक्क्यांवर आणला. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क. द्राक्षाला हमखास गिऱ्हाईक मिळेल, भाव पडला तरी शेतकरी बुडणार नाही, अशी कल्पना. कल्पना चांगलीच होती. मी तिला आजही नावं ठेवत नाही.

चूक होती ती डोक्यातल्या नमुन्यात. आपल्या पुढाऱ्यांच्या आणि आपल्याही डोक्यात साखर कारखाना होता. ऊस पिकवा, कारखान्याला घाला, साखर आपोआप खपते. साखरेला चेहरा लागत नाही, कुणी दुकानात जाऊन अमुक कारखान्याचीच साखर द्या म्हणत नाही. वाईनचं तसं नाही. तिथे बाटलीवरचं नाव विकलं जातं.

हिशेब करून बघा. खायच्या द्राक्षाचं एकरी उत्पन्न दहा-बारा टनांपर्यंत जातं. वाईनच्या द्राक्षाचं चार-पाच टनांवर थांबवावं लागतं, नाहीतर रस पाणचट होतो. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्ष. म्हणजे पाच एकराची स्वतःची बाग असलेल्या छोट्या वाईनरीकडेही वर्षाला सोळा ते वीस हजार बाटल्या तयार होतात. लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर लावून त्या विकता येत नाहीत. जाहिरात करायला कायद्याने बंदी. दुकानात ठेवायच्या तर घाऊक व्यापारी पाहिजे, त्याला माल उधारीवर पाहिजे, स्कीम पाहिजे, आणि दुकानदाराच्या कपाटात व्हिस्कीच्या मागे एक कोपरा. दुसऱ्या राज्यात पाठवायची तर तिथली वेगळी नोंदणी, वेगळं शुल्क. शेतकऱ्याच्या मुलाला कर्ज काढून टाक्या घेता आल्या, पण हे सगळं त्याला कोण शिकवणार होतं?

तरी उत्साह अफाट होता. २००५ ते २००८ या काळात आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत वाईनच्या गप्पा असायच्या. कंपन्या करार करत होत्या, ब्रिक्सवर भाव ठरत होता, लोक थॉमसन काढून कॅबर्ने आणि शिराझ लावत होते. रेडच्या मागे सगळे, कारण रेड हृदयाला चांगली असं कुणीतरी टीव्हीवर सांगितलेलं. शिवाय छोट्यांना रेड बनवणं सोपंही होतं. व्हाईटचा रस चौदा-सोळा अंशांवर आंबवावा लागतो, त्याला चिलर लागतो, चिलरला वीज लागते. आणि तो काळ आठवा. ग्रामीण महाराष्ट्रात दहा-दहा, बारा-बारा तास लोडशेडिंग. डिझेलच्या जनरेटरवर टाकी थंड ठेवायची म्हणजे बाटली भरायच्या आधीच नफा धुरात. म्हणजे या हवेला आणि या जेवणाला जी वाईन सगळ्यात शोभते, तीच बनवणं छोट्या माणसाला सगळ्यात महाग पडत होतं. ही गोष्ट मला कुठल्याही धोरणाच्या कागदात सापडली नाही.

मग २६ नोव्हेंबर २००८. मुंबईतली मोठी हॉटेलं हल्ल्यात सापडली, पर्यटक थांबले, जगभर मंदी होतीच. वाईनचं खरं गिऱ्हाईक हीच हॉटेलं. टाक्या भरलेल्या, उठाव नाही. २००९ च्या हंगामात अनेकांनी शेतकऱ्यांचा माल उचलला नाही. नोव्हेंबर २००९ ला फयानच्या पावसाने उरलंसुरलं झोडपलं. नारायणगावच्या इंडेजने भरभराटीत परदेशातल्या कंपन्या घेतल्या होत्या, ती कर्जात बुडाली आणि पुढे कोर्टाने ती गुंडाळायला लावली. भारतीय वाईनची पहिली मोठी कंपनी अशी गेली.

आमच्या भागातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने तीन एकर शिराझ उपटली ते मी पाहिलंय. वाईनचं द्राक्ष कुणी खात नाही, त्याचा बेदाणाही धड होत नाही. कंपनीने नाही म्हटलं की माल फेकायचाच. जेसीबी लावला होता. बायको बांधावर उभी होती, म्हणाली, “भाऊ, फोटो काढू नका.” काढला नाही. त्या वर्षी अशा कितीतरी बागा निघाल्या आणि पुन्हा खायच्या द्राक्षाच्या लागल्या. त्याच सुमारास ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन मिळालं. सत्काराची बातमी मीच लिहिली. एकाच पानावर दोन्ही बातम्या बसल्या नाहीत, बागांची आत गेली.

टिकलं कोण? ज्यांच्याकडे भांडवल होतं आणि ज्यांनी गिऱ्हाईकालाच शेतावर आणलं. सुलाने २००५ मध्ये टेस्टिंग रूम काढली. लोक यायचे, धरणाकडे बघत घोट घ्यायचे, जाताना चार बाटल्या न्यायचे. मधला व्यापारी नाही, उधारी नाही. २००८ पासून सुलाफेस्ट. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. शेजारच्या यॉर्कनेही धरणाच्या काठावर हेच केलं, ती वाईनरी २०२१ मध्ये सुलानेच घेतली. इगतपुरीकडे ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने, दिंडोरीला २०१३ पासून फ्रेंचांची शॅन्दों, अकलूजला मोहिते-पाटलांच्या भागीदारीतली फ्राटेली. यातल्या कुणाचंही कर्तृत्व मी कमी लेखत नाही. सुलाने नाशिकला जे नाव दिलं ते कुठल्याही मंत्र्याला देता आलं नसतं. पण विंचूरच्या पार्कात प्लॉट घेतलेल्या शेतकऱ्याजवळ धरण नव्हतं, सूर्यास्त नव्हता. समोर एमआयडीसीचा रस्ता आणि कांद्याचे ट्रक. तिथे मुंबईचं जोडपं फोटो काढायला कशाला जाईल?

म्हणून २०२२ चा वाद आठवला की आजही चिडचिड होते. २७ जानेवारीला महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटमध्ये वाईनचं वेगळं कपाट ठेवायला परवानगी दिली. शाळा-मंदिरांजवळ नाही, दारूबंदीच्या जिल्ह्यांत नाही. लगेच ‘मद्यराष्ट्र’ झालं. अण्णा हजारेंनी उपोषण जाहीर केलं, मग राळेगणच्या ग्रामसभेनंतर मागे घेतलं. एक बाजू म्हणत होती वाईन म्हणजे दारू नव्हे. दुसरी म्हणत होती घराघरात दारू पोचवणार.

दोन्हीकडून बोलताना शेतकरी तोंडी लावायला होता. वाईन दारू नाही हे म्हणणं खोटं आहे. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं, बियरपेक्षा दुपटीने जास्त. ज्या बायकांनी गावोगाव उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान घेऊन दुकानं बंद केली, त्यांच्या शंकेला हसणं हा माज आहे. पण विरोध करणाऱ्यांनीही सांगावं, की २००१ मध्ये ज्याला वाईन काढ म्हणून कर्ज घ्यायला लावलं त्याने ती कुठे विकायची? व्हिस्कीच्या दुकानातच ना? मग त्याला व्हिस्कीशीच लढावं लागणार आणि तो हरणारच. माझ्या मते सुपरमार्केट हाही त्याचा मार्ग नव्हता. मॉलच्या कपाटातली जागा पैसे मोजणाऱ्याला मिळते, तिथेही चार मोठी नावंच लागली असती. छोट्याला पाहिजे होतं ते वेगळं: तालुक्याच्या ठिकाणी किंवा महामार्गावर दहा छोट्या वाईनरींचं मिळून एक विक्री केंद्र, सामायिक शीतगृह, सामायिक बाटली भरायचं यंत्र. ऊस कारखान्यातून उचलायचं तर हे उचलायला हवं होतं. ते कुणी मागितलंही नाही.

वीस टक्के व्हॅटपैकी सोळा टक्के वाईनरीला परत द्यायची योजना होती. ती मध्ये थांबली होती, जानेवारी २०२४ मध्ये सरकारने पुन्हा सुरू केली. शेअर बाजारात त्या दिवशी आनंद झाला. पण परतावा विक्रीवर मिळतो. ज्याची विक्रीच नाही त्याला सोळा टक्के कशाचे मिळणार?

आणि सुपरमार्केटच्या निर्णयाचं काय झालं? हरकती मागवल्या, जूनमध्ये सरकार बदललं, विषय मागे पडला. तेव्हा विरोधात असलेले सत्तेत आले आणि बाजूने असलेले विरोधात गेले, त्यामुळे आता कुणीच बोलत नाही.

तर या उन्हाळ्यात याल तेव्हा गंगापूर धरणावर जरूर जा, सूर्यास्त खरंच छान असतो. पण एक दिवस निफाड-विंचूरच्या बाजूलाही काढा. जाण्याआधी फोन करा, कारण काही ठिकाणी कुलूप असेल. जिथे उघडं असेल तिथे शेनिन आहे का विचारा, कुठल्या सालची ते विचारा, आणि द्राक्ष कुणाच्या शेतातलं तेही विचारा. छोट्या ठिकाणी याचं उत्तर बहुतेक वेळा बाटली देणारा माणूसच असतो.